प्रल्हादरावांचा डावा हात

मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसतात ते बहुतेक म्हातारे असतात. कुणी मोडकी छत्री असते, कुणी बंद पडलेलं घड्याळ, कुणी गंजलेली सायकल. मी तशी नाही. माझ्या टाकीचा लाल रंग अजून उन्हात डोळ्यांवर येतो, आणि माझं मॉडेल बाजारात येऊन फार दिवस झालेले नाहीत. मी एक इटालियन मोटरसायकल आहे. जुनी व्हायला मला अजून अवकाश आहे. पण माझ्याजवळ सांगण्यासारखं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

इटलीत एका टेकडीच्या पायथ्याशी माझा कारखाना आहे. आजूबाजूला द्राक्षांचे मळे आहेत. तिथे पिकल्या केसांच्या एका बाईने माझं हँडल बसवलं, लिव्हर लावले, ते दाबून पाहिले आणि मला पुढे ढकललं. काही मोटरसायकली नुसत्या वेगासाठी बनवतात. त्यांच्यावर बसणाऱ्याला पोटावर वाकून बसावं लागतं. काही नुसत्या प्रवासासाठी असतात, जड आणि संथ. माझी जात या दोन्हींच्या मधली. दोन माणसांनी, दोन बाजूंना कपड्यांच्या पेट्या अडकवून, दूरदूरच्या गावांना जावं, आणि जाताना वळणांची मजाही घ्यावी, यासाठी माझा जन्म. पुढे वारा अडवायला उंच काच आहे. मागे चांगली रुंद सीट आहे.

जहाजाच्या पोटात, लाकडी खोक्यात, अंधारात मी समुद्र ओलांडला. त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही, कारण मी काही पाहिलंच नाही. डोळे उघडले ते नागपूरच्या एका शोरूममध्ये.

तिथे मला घ्यायला प्रल्हादराव आणि कुमुदताई आले. प्रल्हादरावांचं रायपूरला पंडरीत कापडाचं होलसेल दुकान आहे. भोसल्यांच्या काळात त्यांचे पूर्वज नागपूरहून तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. पन्नाशी ओलांडलेले, बुटके, अंगाने भरलेले आणि डोक्यावर केस नसलेले प्रल्हादराव माझ्याभोवती फिरू लागले, तेव्हा विकणाऱ्या मुलाला वाटलं असावं की हे नुसतं पाहायला आलेत. त्याने विचारलं, "सर, सोलो राइड करेंगे?"

"नहीं भैया, जोडी से," प्रल्हादराव म्हणाले आणि मागे वळून कुमुदताईंना म्हणाले, "बस पाहू."

कुमुदताई बँकेतल्या नोकरीत राहून थोड्या गंभीर झालेल्या होत्या. त्यांनी त्या दिवसासाठी सलवार-कमीज घातला होता आणि त्यात त्यांना अवघडल्यासारखं होत होतं. "काहून हो, एवढी उंच सीट! या वयात मी चढू कशी?"

"चढशील. सारी जिंदगी मी कापडाचा गठ्ठा मागं बांधून फिरलो. धमतरी, कांकेर, कवर्धा, कोणतं गाव सोडलं नाही. तू घरी राहिली. आता तुले बसवून फिरतो."

कुमुदताईंनी प्रल्हादरावांच्या खांद्यावर हात ठेवला, पाय टाकला आणि त्या बसल्या. मित्रांनो, माझ्यावर बसलेली ती पहिली माणसं. दोघांचं वजन माझ्या स्प्रिंगांवर पडलं आणि मला वाटलं, माझं काम सुरू झालं.

नागपूरहून रायपूरच्या वाटेवर कुमुदताईंनी साकोलीपर्यंत डोळे घट्ट मिटून घेतले होते. साकोलीला चहा झाला. त्यानंतर मात्र त्यांची बोटं प्रल्हादरावांच्या जॅकेटमधून हळूहळू सुटली. राजनांदगाव ओलांडताना त्या ओरडून म्हणाल्या, "मले वाटलं भीती वाटीन. पण तुमच्या टकलावरून सारा रस्ता दिसून राहिला!"

प्रल्हादराव एवढे हसले की मीसुद्धा हलले.

चौबे कॉलनीतल्या त्यांच्या घरी पोर्चमध्ये मला जागा मिळाली. मुलगी गंधाली नवा रायपूरमध्ये एका आर्किटेक्टकडे काम करते. घरातल्यांचं मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर ती हिंदीत देते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पापा, ये आपसे लंबी है." पण दुसऱ्या दिवशी तीच माझ्या आरशांवरची धूळ पुसत होती.

मग आमचे चांगले दिवस आले. रविवारी सकाळी आम्ही निघायचो. कधी गंगरेलच्या धरणावर, कधी महासमुंदकडून सिरपूरला, एकदा तर थेट केशकालच्या घाटापर्यंत. ज्या ज्या गावात प्रल्हादरावांनी तरुणपणी गठ्ठे उतरवले होते तिथे ते मला थांबवायचे आणि कुमुदताईंना दाखवायचे. "या दुकानदारानं मले पहिल्यांदा उभंच केलं नव्हतं. अन् हा, हा जेवू घातल्याशिवाय सोडत नव्हता." कुमुदताई उतरून त्या दुकानात जायच्या. काही म्हातारे दुकानदार ओळखायचे, काहींच्या खुर्चीवर मुलं बसलेली असायची. त्यांच्या नवऱ्याने त्यांना कधी न सांगितलेलं सगळं आयुष्य त्या माझ्यावर बसून पाहत होत्या.

माझ्यासारख्या गाड्या घेतलेल्यांचा आणि घेऊ पाहणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. नागपूर, अमरावती, भिलाई, बिलासपूर अशा गावांतले लोक त्यात गाडीबद्दलचे आपापले अनुभव टाकायचे. प्रल्हादरावांनाही हौस आली. पोर्चमध्ये, माझ्या शेजारी उभं राहून त्यांनी व्हिडिओ केला. मोबाइल गंधालीने धरला होता.

"नमस्कार मंडळी, मी रायपूरचा प्रल्हाद. इंजिनाचं काय सांगू, लोण्यावानी आहे. हवा अंगावर येत नाही. उन्हाळ्यात उजव्या मांडीले चटका लागते, हे खरं आहे, लपवून ठेवत नाही. वळणावर गाडी अशी जाते की आपण काही केलंच नाही. मागच्या सीटचं म्हणाल तर ते मॅडमले विचारा."

आतून कुमुदताईंचा आवाज आला, "मॅडमच्या गुडघ्याले विचारा!"

गंधालीचा हात हसण्याने हलला आणि व्हिडिओ हलला, पण त्यांनी तो तसाच टाकला. लोकांना फार आवडला. माझं एवढं कौतुक नंतर कधी झालं नाही.

पावसाळा सरता सरता एक गोष्ट सुरू झाली. ती मला सगळ्यांच्या आधी कळली, मित्रांनो, आणि मला कुणाला सांगता आली नाही.

तुम्हाला माहीत असेल, गाडी थांबवताना आणि निघताना डाव्या हाताने क्लच दाबावा लागतो. प्रल्हादराव आधी दोन बोटांनी सहज दाबायचे. मग तीन बोटं लागू लागली, मग चारही. मग ते पंजाच आवळून दाबू लागले. करंगळी नुसती लिव्हरवर पडलेली असायची, तिच्यात जोर नसायचा. माझ्या अंगात पुष्कळ सेन्सर आहेत. टायरमधली हवा, इंजिनचं तापमान, मी किती कलले हे सगळं मी पडद्यावर दाखवते. पण लिव्हर दाबणारा हात दिवसेंदिवस हलका होतोय, हे दाखवायची सोय माझ्यात नाही.

हायवेवर काही अडचण येत नव्हती. एकदा वेग घेतला की माझे गिअर क्लच न दाबताही बदलता येतात. म्हणून लांबच्या रस्त्यावर प्रल्हादराव पूर्वीसारखेच आनंदात असायचे. गावात शिरलं, सिग्नल आले, सदर बाजाराची गर्दी आली की त्यांचा चेहरा ओढला जायचा. "कुमुद, क्लच जड होऊन राहिला," ते म्हणायचे.

त्यांनी ग्रुपवर विचारलं. उत्तरं आली की आमच्या गाड्यांचा क्लच हलका आहे. बिलासपूरच्या सार्थक नावाच्या एका तरुणाने अशी गाडी शोरूममध्ये नुसती चालवून पाहिली होती, त्याने लिहिलं, "काका, क्लच तर मक्खन आहे. सकाळी एक पोळी जास्त खात जा." त्यावर बऱ्याच जणांनी हसण्याची चिन्हं टाकली. प्रल्हादराव त्या दिवशी जेवताना कुणाशी बोलले नाहीत, असं मी कुमुदताईंच्या तोंडून ऐकलं.

शोरूमने नागपूरहून यशदीप नावाचा मेकॅनिक पाठवला. त्याने क्लचचं तेल बदललं, लिव्हर जवळ घेतला, मला कॉलनीत फिरवून आणलं. "अंकल, एकदम ठीक आहे. नवी असताना होती तशीच आहे."

"मग मले काहून जड लागते?"

यशदीप गोंधळला. "सवय होईन, अंकल."

"भाऊ, मी तुझ्या जन्माच्या आधीपासून गाडी चालवून राहिलो. मले सवय शिकवू नको."

यशदीप मान खाली घालून गेला. त्याची काही चूक नव्हती. प्रल्हादरावांचीही नव्हती. दोघंही माझ्याकडे पाहत होते, आणि जे बिघडलं होतं ते माझ्यात नव्हतंच.

हिवाळ्यात एका रविवारी आम्ही तिघं सकाळी निघालो. शंकरनगरच्या चौकात सिग्नल लाल होता. पुढे एक मोटार उभी होती. प्रल्हादरावांनी गिअर टाकून क्लच दाबून धरला होता. मला त्यांची बोटं थरथरताना जाणवली. एक सुटलं. मग सगळीच सुटली. मी पुढे झेपावले, माझं चाक मोटारीच्या बंपरवर आपटलं, इंजिन बंद पडलं आणि मी उजवीकडे कलंडले. प्रल्हादरावांनी पाय टेकवून मला सावरायचा प्रयत्न केला, पण माझं वजन त्यांच्याने पेलवलं नाही. माझ्या पेटीमुळे कुमुदताईंचा पाय वाचला. हात मात्र त्यांनी पडताना टेकला होता, त्याचं मनगट मोडलं.

लोकांनी धावत येऊन मला उचललं. प्रल्हादराव रस्त्यावर बसून कुमुदताईंचा हात मांडीवर घेऊन एकच बोलत होते, "तुले म्हटलं होतं ना, क्लच खराब आहे. म्हटलं होतं ना."

त्या संध्याकाळी त्यांनी दुसरा व्हिडिओ केला. पोर्चमध्येच, माझ्यापुढे उभं राहून. या वेळी मोबाइल त्यांनी स्वतःच धरला होता. "ही गाडी कोणी घेऊ नका. क्लच धोक्याचा आहे. माझ्या बायकोचा हात मोडला. कंपनीचा माणूस येऊन ठीक आहे म्हणून जाते. दिसायला सुंदर आहे, पण हिच्यावर भरवसा ठेवू नका." मग त्यांनी माझ्यावर कव्हर ओढलं. मला जे बोलले ते मी ऐकून घेतलं. मोटरसायकल दुसरं काय करणार? पण त्या कव्हराखाली मला सगळ्यात जास्त हे वाईट वाटलं की आता त्यांच्या हाताकडे कुणी पाहणार नाही. दोष सापडला, असं सगळ्यांना वाटलं होतं.

मी चुकले. कुमुदताईंनी पाहिलं.

त्यांच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं. सकाळचं ऊन पोर्चमध्ये येतं, तिथे खुर्ची टाकून त्या बसायच्या आणि प्रल्हादराव मागे उभं राहून त्यांचे केस विंचरून द्यायचे. पहिल्या दिवशी दोघंही फार हसले. कव्हराच्या फटीतून मला दोघांचे पाय दिसायचे आणि आवाज ऐकू यायचे. नंतर नंतर हसणं थांबलं. एका सकाळी रबरबँड फरशीवर पडला. त्यांनी उचलला. परत पडला. परत उचलला. मग तो पुन्हा पडला आणि तिथेच राहिला.

"काय झालं?" कुमुदताईंनी विचारलं.

"काही नाही. दोन बोटांत धरायला जातो तर सुटून राहिलं."

"इकडं या. समोर या. हात दाखवा."

"अगं, काही नाही."

"दाखवा म्हणते ना."

ते समोर आले असावेत. कुमुदताईंनी आपल्या चांगल्या हाताने त्यांचा डावा हात धरला असावा, कारण त्या म्हणाल्या, "हा अंगठ्याजवळचा भाग पाहा. इथं मांस होतं तुमच्या. हा खड्डा कधी पडला?"

प्रल्हादरावांचे पाय मागे सरकले.

"शर्टाची बटणं काहून लावत नाही तुम्ही आजकाल? टी-शर्टच काहून घालता?" त्यांचा आवाज बदलत गेला. "चहाचा कप उजव्या हातानंच काहून धरता?"

"कुमुद, क्लच ओढून ओढून हात दुखला असेन."

"क्लचनं हाताचं मांस जात नाही हो," कुमुदताई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

त्यानंतर माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. मोटार निघायची आणि यायची. रायपूरचे डॉक्टर झाले, मग नागपूरला गेले. नागपूरहून परतले त्या दिवशी मोटार पोर्चबाहेर थांबली आणि दार उघडण्याचा आवाज बराच वेळ आलाच नाही. मग गंधाली म्हणाली, "मम्मी, अंदर चलो. पापा, चलो ना."

काय झालं ते मला शेजारच्या बाबारावांमुळे कळलं. ते विचारपूस करायला आले होते. प्रल्हादराव पायरीवर बसून त्यांना सांगत होते, "नसा वाळून राहिल्या म्हणते डॉक्टर. हात हलवणाऱ्या ज्या नसा असतात ना, त्या. आधी हात, मग पाय, मग बोलणं. मग श्वास."

"औषध?"

"नाही."

"दुसऱ्या डॉक्टरले दाखवा, भाऊ."

"दाखवलं. तोही तेच म्हणते."

बाबाराव थोडा वेळ बसले आणि निघाले. जाताना फाटक लावायचं विसरले.

त्यानंतर एका दुपारी माझ्यावरचं कव्हर निघालं. प्रल्हादरावांनी ते एकाच हाताने ओढलं होतं, म्हणून त्याला वेळ लागला. ते पुष्कळ वाळले होते. त्यांनी ओल्या फडक्याने माझी टाकी पुसली, आरसे पुसले, पडल्यामुळे पेटीवर आलेला ओरखडा पुसून पाहिला. मग डाव्या लिव्हरवर उजवा हात ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "तुझं काही चुकलं नव्हतं, बाई. मी साऱ्या जगाले तुझं वाईट सांगितलं."

मित्रांनो, माणसं वस्तूंशी बोलतात ते बहुतेक रागाने. अडखळलं की दगडाला शिवी देतात. माझी माफी मागितलेली मी पहिल्यांदाच ऐकली. मला त्या माफीने बरं वाटलं नाही. खरोखर माझाच दोष असता, एक पुर्जा बदलून सगळं ठीक झालं असतं, तर किती चांगलं झालं असतं, असं मला वाटत राहिलं.

त्यांनी गंधालीला हाक मारली. आधीचा व्हिडिओ काढून टाकला आणि नवा केला. तिचा हात या वेळी हलला नाही, पण तिने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

"नमस्कार मंडळी. मागच्या वेळी मी जे म्हटलं ते चूक होतं. गाडीचा क्लच हलका आहे. माझा हात दुबळा झाला आहे. मले एक आजार झाला आहे, त्याचं नाव सांगत नाही, तुम्ही मोबाइलवर शोधत बसाल. गाडी चांगली आहे. लांबच्या रस्त्यावर बायकोले घेऊन जायला याच्याहून चांगली गाडी मी पाहिली नाही. ज्यानं घ्यायची त्यानं घ्यावी. यशदीपले माझा निरोप द्या, म्हणा काका चुकले."

ग्रुपवर फारसं कुणी काही लिहिलं नाही. काय लिहिणार? पण पुढच्या रविवारी फाटकाशी एक तरुण येऊन उभा राहिला. बिलासपूरहून रेल्वेने आला होता. वडील रेल्वेत होते, ते गेले, आता तो तिथल्या शाळेत शिकवतो. त्याने नाव सांगितलं तसे प्रल्हादराव मोठ्याने हसले. "पोळीवाला ना तू?"

सार्थकने हात जोडले. "काका, मी... मले माहीत नव्हतं. मी मजाकमध्ये लिहिलं होतं."

"अरे, मलेच माहीत नव्हतं तर तुले कुठून असणार? बस. आता पोळी खाऊनच जा."

तो जेवून गेला. मग अधूनमधून येऊ लागला.

उन्हाळा आला तोवर डावा हात कोपरापासून लोंबू लागला होता आणि उजव्या हाताची बोटंही ऐकेनाशी झाली होती. चालताना कुणीतरी धरावं लागायचं. एका सकाळी प्रल्हादराव म्हणाले, "मले गाडीवर बसवा." गंधालीने नाही म्हटलं. कुमुदताईंनी तिला बाजूला केलं. सार्थक आलेला होता. त्याने मला मधल्या स्टँडवर घट्ट उभं केलं, त्याने आणि कुमुदताईंनी मिळून त्यांना उचलून सीटवर ठेवलं, हात हँडलवर ठेवून दिले. कुमुदताई मागे चढल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी त्यांना कमरेतून धरलं, या वेळी भीतीने नाही, ते पडू नयेत म्हणून. सार्थकने इंजिन सुरू करून दिलं.

माझं मागचं चाक जमिनीला टेकलेलं नव्हतं. आम्ही कुठेही जाणार नव्हतो.

"निघालो," प्रल्हादराव म्हणाले. त्यांची जीभ तेव्हा जड व्हायला लागली होती. "अभनपूर आलं. ट्रक आहे पुढं, जाऊ दे त्याले."

"हव, जाऊ द्या," कुमुदताई म्हणाल्या.

"कुरुद. डाव्या बाजूले शेत पाहा, धान कसं उभं आहे."

"दिसून राहिलं."

"चहा कुठं घ्यायचा?"

"धमतरीले घेऊ. तिथं तो जेवू घालणारा होता ना?"

"तो कांकेरचा. विसरली?"

कुमुदताईंनी डोकं त्यांच्या पाठीला टेकवलं. मी माझा आवाज जितका मऊ ठेवता येईल तितका ठेवला. चारामा झालं, कांकेर झालं, घाटाच्या पायथ्याशी प्रल्हादराव थांबले. "बस," ते म्हणाले. "वर जायची ताकद नाही आता." गंधाली दारात उभी होती. ती धावत आली आणि तिने किल्ली फिरवली.

त्यानंतर ते माझ्यावर कधी बसले नाहीत. मी उभी राहिले. उभं राहणं आम्हाला मानवत नाही, मित्रांनो. बॅटरी उतरते, तेल खाली बसतं, टायर एकाच जागी दबून चपटे होतात. कुमुदताई मला सुरू करून पाहायच्या, पण त्यांना सगळं कळायचं नाही. आतल्या खोलीतून प्रल्हादराव काहीतरी सांगायचे आणि ते शब्द आता फक्त कुमुदताईंनाच समजायचे.

एके दिवशी प्रल्हादरावांनी सांगितलं की गाडी सार्थकला द्या. गंधाली पोर्चमध्ये येऊन माझ्या सीटवर हात टाकून उभी राहिली. "नहीं देंगे. ये पापा की निशानी है."

चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या प्रल्हादरावांनी एक एक शब्द सोडवून सोडवून उत्तर दिलं. ते कुमुदताईंनी पुन्हा म्हणून दाखवलं नाही, कारण ते सगळ्यांना समजलं.

"निशानी... काहून? मी आहे ना... अजून."

गंधालीचा हात माझ्यावरून सुटला. ती त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसली. मला वाटतं त्या दिवसापासून ती त्यांच्याजवळच बसू लागली, कारण पोर्चमध्ये ती मला क्वचितच दिसली.

सार्थकने नवी बॅटरी बसवली, टायरमध्ये हवा भरली आणि मला कॉलनीत एक फेरी मारून आणलं. प्रल्हादरावांनी विचारलं, "क्लच?"

सार्थक खाली पाहू लागला.

"सांग."

"हलका आहे, काका."

प्रल्हादरावांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्याचे स्नायू आता फारसे हलत नसत, तरी ते हसले हे मला कळलं. मग त्यांनी विचारलं, "मागं... कोण?"

"आई. तिले अमरकंटक पाहायचं आहे. बाबा गेल्यापासून ती घराबाहेर पडली नाही."

"ने," प्रल्हादराव म्हणाले.

मी फाटकाबाहेर पडले तेव्हा आरशात मला पोर्च दिसला. कुमुदताई रिकाम्या जागेवर सांडलेलं तेल पुसत होत्या.

सार्थकची आई अंगाने अगदी हलकी आहे. बसली आहे की नाही हे मला कळतच नाही. तिला अमरकंटक दाखवून झालं. परतीच्या वाटेवर जंगलातल्या एका टपरीशी आम्ही थांबलो असताना फोन वाजला. सार्थक ऐकत राहिला आणि मग आईला म्हणाला, "प्रल्हादकाका गेले."

आईने विचारलं नाही की किती दूर आहे. ती म्हणाली, "रायपूरले चल."

आम्ही चौबे कॉलनीत पोहोचलो तेव्हा फाटकाबाहेर चपला पडल्या होत्या आणि लोक हळू आवाजात बोलत होते. सार्थकने मला रस्त्याच्या कडेला, झाडाखाली लावलं. मला आत नेलं नाही. तेच बरोबर होतं. मी त्यांच्या घरची नव्हते आता. आत काय झालं ते मला माहीत नाही. निघताना कुमुदताई फाटकापर्यंत आल्या, सार्थकच्या आईला जवळ घेऊन उभ्या राहिल्या आणि मग आत गेल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

आता मी बिलासपूरला असते. सार्थक मला नीट ठेवतो. तेल वेळेवर बदलतो, धुऊन पुसून सावलीत लावतो. मला कसली तक्रार नाही आणि माझ्यासाठी मी तुमच्याकडे काही मागणारही नाही. आम्हाला ओरखडा आला तर तो घासून निघतो, पुर्जा झिजला तर नवा मिळतो.

मागायचं आहे ते दुसरंच. मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोठ्या माणसाच्या हातून उद्या कप निसटला, कुलूप उघडेना झालं, बटण लागेना झालं, तर ते म्हणतील की कप गुळगुळीत आहे, कुलूप गंजलं आहे, बटण मोठं आहे. त्यांना तसंच वाटत असेल. तुम्ही हसू नका आणि त्या वस्तूकडेही पाहत बसू नका. जवळ जा, त्यांचा हात आपल्या हातात घ्या आणि उजेडात नीट पाहा. कदाचित काहीच नसेल. मग तो हात थोडा वेळ तसाच धरून ठेवा.